कॉग्निटिव्ह सायन्स शिकून टॉवेलच्या कारखान्याचा डेटा बघते, सीव्हीतून काय काढू?

कांडीवाली · शुक्रवार, रात्री १०:४२

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात पुण्यातल्या एका कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला, डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी. एसक्यूएल झालं, पायथन झालं, त्यांनी दिलेल्या डॅशबोर्डमधली चूकही काढून दाखवली. शेवटी साहेबांनी सीव्ही खाली सरकवला. "एम.एस्सी. कॉग्निटिव्ह सायन्स... म्हणजे सायकॉलॉजी ना? आणि पुढे दोन वर्षं भाषेचं काहीतरी. मग डेटाकडे कशा काय वळलात?" वळलात म्हणजे जशी काही दारूकडे वळले. मी गडबडले, काहीबाही बोलले. पुढच्या फेरीचा मेल आलाच नाही.

भाऊ म्हणतो, "अक्का, त्या दोन ओळी उडव की. बी.एस्सी. स्टॅट आणि पाच वर्षं अनुभव, एवढंच ठेव." तर प्रश्न एवढाच आहे. उडवू का?

आता थोडं माझ्याबद्दल, म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल. घर सोलापुरात, पूर्व भागात, अशोक चौकाजवळ. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी आणि समोरच्या घरात कन्नड. अम्मम्मा (आईची आई) कारखान्यात कांड्या, म्हणजे मागाच्या आडव्या सुताच्या गुंडाळ्या, भरायची, आयडी तिच्यावरून. आई चिडली की तेलुगूत चिडायची, पण वाण्याचा हिशेब मनातल्या मनात मराठीत करायची, कारण पाढे मराठीत पाठ होते. "तू तेलुगूत का नाही मोजत?" असं मी सहावीत असताना विचारलं होतं. तिने लाटणं दाखवलं.

असल्या प्रश्नांचा कॉग्निटिव्ह सायन्स नावाचा एक अख्खा विषय असतो हे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कळलं. मानसशास्त्र, भाषाविज्ञान, कॉम्प्युटर, मेंदूविज्ञान, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र अशा सहा घरांतून जेवण मागून आणलेला विषय आहे हा. ११ सप्टेंबर १९५६ ला अमेरिकेत एमआयटीमध्ये एका परिषदेत एकाच दिवशी जॉर्ज मिलर स्मरणशक्तीवर बोलला, चॉम्स्की भाषेच्या रचनेवर बोलला आणि नेवेल-सायमन जोडीने तर्क लढवणारा प्रोग्रॅम मांडला. तिघांचंही बोलणं एकाच गोष्टीबद्दल आहे हे मिलरच्या ध्यानात आलं आणि पुढे त्याने तोच दिवस या विषयाचा जन्मदिवस मानला. हे मी इंटरव्ह्यूत सांगायला हवं होतं का? नकोच बहुतेक.

एम.एस्सी.नंतर हैदराबादला दोन वर्षं एका प्रकल्पावर होते. मराठी वाक्यं घ्यायची आणि प्रत्येक शब्दाला खुणा लावायच्या: नाम कुठलं, विभक्ती कुठली, कर्ता कोण, कर्म कोण. दिवसाला शंभरेक वाक्यं. बाबांच्या आजारपणात परत आले ती इथेच राहिले. आता अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा डेटा बघते, शिवाय पुण्याच्या एका ठिकाणचं ग्राहक-तक्रारींचं काम घरून करते.

कारखान्यातला एक किस्सा सांगते. तो माझ्या डोक्यातून जात नाही.

मालकांनी हौसेने मागांवर सेन्सर बसवून घेतले होते. माग थांबला की वेळ आपोआप नोंदली जाते. का थांबला हे मात्र कामगाराने टॅबवर बटण दाबून सांगायचं. सात कारणं, एकाखाली एक. पहिलं 'ताणा तुटणे', म्हणजे मागावरचं उभं सूत तुटणं. महिनाअखेरच्या रिपोर्टात निम्म्याच्या वर थांबे ताण्यावर. मालक सूतवाल्याशी भांडले, मग सायझिंगवाल्याशी (सुताला खळ लावणाऱ्याशी) भांडले, सूत बदललं. आकडा जागचा हलला नाही. तेव्हा मला बोलावलं.

मी सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे लावल्या आणि खाली सरकत गेले. एका मंगळवारी दुपारी ३:१७ ला चोवीस माग थांबलेले. चोवीसही. कारण? वीस मागांवर 'ताणा तुटणे', चार मागांवर काहीच नाही. एकाच मिनिटाला वीस मागांचे ताणे तुटतात होय? लाईट गेली होती. सरळ आहे.

मग दोन रात्री शेडमध्ये जाऊन बसले. चार माग सांभाळणारा माणूस, हात तेलकट, कानात तो खडखडाट. माग थांबला की धावत जाऊन आधी माग चालू करणार, मग जाता जाता अंगठ्याने टॅबवरचं सगळ्यात वरचं बटण दाबणार. बघतसुद्धा नव्हता. आणि पाचवं बटण होतं 'विद्युत पुरवठा खंडित'. हे मराठी सोलापुरात कोण बोलतं? मी एकाला वाचायला सांगितलं तर तो 'विद्युत'पर्यंत येऊन माझ्याकडे बघायला लागला.

बटणं बदलली. 'लाईट गेली'. 'कांडी संपली'. 'तार तुटला'. शेजारी चित्रं. आणि क्रम प्रत्येक टॅबवर वेगळा. पुढच्या महिन्यात ताण्याचा वाटा आधीच्या निम्मा झाला.

यात मी पायथन किती वापरलं? दहा ओळी. बाकी सगळं त्या दोन ओळींतलं, ज्या भाऊ उडवायला सांगतोय.

सातरस्ता_सव्वासात · शुक्रवार, रात्री ११:०५

चोवीस मागांचा किस्सा एक नंबर. वाचनखूण साठवली. ओळी उडवू नका. पुढील लेखनास शुभेच्छा.

हुरडापार्टी · शुक्रवार, रात्री ११:३१

कौतुक आहेच, पण जरा उलटं बोलतो. मूळचा मोहोळचा, पुण्यात आयटीत चौदा वर्षं. तुम्ही केलंत ते उत्तम केलंत, पण याला एम.एस्सी. लागते? चोवीस माग एका मिनिटाला थांबले तर लाईट गेली, हे आमच्या वस्तीवरचा सालगडीही सांगेल. याला कॉमन सेन्स म्हणतात. सीव्हीत कॉमन सेन्स लिहीत नाहीत. भाऊ बरोबर बोलतोय.

जुनाजॉबर · शनिवार, सकाळी ६:५०

पोरी, मी चौतीस वर्षं मागावर काढलो, त्यातली वीस जॉबर म्हणून. नातू टाईप करूलालाय, मी सांगूलालोय.

तू लिहिलीस ते खरं हाय, पण एक राहिलं. आमच्या टायमाला टॅब नव्हता, वही होती. मुकादम यायचा, 'का थांबलं बे?' आम्ही म्हणायचो तार तुटला. कांडी संपली म्हटलं तर 'आधी भरून का ठेवला नाहीस'. लाईट गेली म्हटलं तर 'किती वेळ, शेजारच्या शेडात होती की'. मशीन बिघडलं म्हटलं तर जॉबरला बोलवा, आणि जॉबर म्हंजे मीच, मग माझ्यावर ओरडा. तार तुटला म्हटलं की पुढं कोण विचारत नाही. सूत हाय, तुटतंय. त्यात कुणाचा दोष नसतोय.

तुझं बटण वर होतं म्हणून दाबले असतील. खाली असतं तरी थोडे जण शोधून तेच दाबले असते.

आणि त्या हुरडापार्टीला सांग, सालगड्याला कळतंय पण त्याला विचारतंय कोण.

सातरस्ता_सव्वासात · शनिवार, सकाळी ७:१५

जुनाजॉबर +१००

कांडीवाली · शनिवार, सकाळी ९:२०

काका, नमस्कार. हे मला दोन रात्री बसून दिसलं नाही. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते, मुकादमाकडे बघितलंच नाही. क्रम उलटापालटा करूनही ताण्याचा थोडा वाटा जास्त का राहतो ते मला कळत नव्हतं, मी मनाशी 'सवय' म्हणून सोडून दिलं होतं.

हुरडापार्टी, तुमचं निम्मं मान्य. लाईटचं कुणालाही कळलं असतं. पण लाईट हा एक दिवस झाला. बाकीच्या दिवसांचं काय करायचं हा खरा प्रश्न होता, आणि तिथे शिकलेलं कामी आलं. डोळ्यांसमोर यादी ठेवली की माणसं वरच्या पर्यायाकडे झुकतात. तीच यादी तोंडी वाचून दाखवली की शेवटच्याकडे झुकतात. क्रॉस्निक आणि ऑल्विन यांनी १९८७ मध्ये यावर लिहिलंय. म्हणूनच मी क्रम फिरवून बघितला. 'कामगार आळशी आहेत, ट्रेनिंग द्या' या सल्ल्यावर गेले नाही. तो सल्ला आधी एकाने देऊन झाला होता, फी घेऊन.

मागे हर्बर्ट सायमनचा विचार आहे. माणूस सगळ्यात उत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा बरा मिळाला की थांबतो. त्याने याला १९५६ मध्ये 'सॅटिस्फायसिंग' असं नाव दिलं, १९७८ ला त्याला अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. आपल्याकडे याला 'चालतंय की' म्हणतात.

रिकामटेकडा · शनिवार, दुपारी १२:०२

मिलरचं नाव निघालंच आहे तर, माणसाच्या डोक्यात सात अधिक-उणे दोन गोष्टी मावतात ना? तुमची सात बटणं म्हणजे अगदी शास्त्रशुद्ध झाली की. अवांतर: एमआयडीसीच्या त्या रस्त्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरी कुठे मिळते?

कांडीवाली · शनिवार, दुपारी १२:४०

हे सात फार लोकांच्या गळ्यात मारलं गेलंय! मिलरचा तो निबंध १९५६ चा, आणि तो ऐकलेल्या-बघितलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याबद्दल आहे. बटणं समोर दिसतायत, लक्षात काय ठेवायचंय? तिथे प्रश्न शोधण्याचा असतो. शिवाय २००१ मध्ये नेल्सन कोवनने सगळे प्रयोग पुन्हा तपासून आकडा चारच्या आसपास आणला. तरी प्रत्येक डिझाइनवाल्याच्या स्लाइडवर सात असतातच.

यापेक्षा कामाचं सांगते. मालकांना पहिला रिपोर्ट दिला तेव्हा आधीच्या माणसाने केलेला पाय चार्ट तसाच ठेवला होता, नऊ रंगांचा. मालकांनी कागद फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाले, "ही भाकरी कुणाकुणाला वाढायचीय?" कोन आणि क्षेत्रफळ यांची तुलना करताना डोळा फसतो, एकाच रेषेवर उभ्या असलेल्या पट्ट्यांची उंची मात्र बरोबर कळते. क्लीव्हलँड आणि मॅक्गिल यांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलंय. मी आडव्या पट्ट्या काढल्या, मोठी वर, लहान खाली. मालक उभ्या उभ्या वाचून गेले.

चटणीचं माहीत नाही, आमच्याकडे आईच कुटते.

अक्कलकोटी_मास्तर · शनिवार, सायंकाळी ५:३३

मी भाषेचा शिक्षक, निवृत्त. जॉबरकाकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. आशयासाठी एकदा, व्याकरणासाठी एकदा.

'मी चौतीस वर्षं काढलो.' पुस्तकी मराठीत 'मी काढली', कारण भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं. सोलापुरात ते कर्त्याच्या मागे जातं: मी काम केलो, मी सांगितलो. कन्नड-तेलुगूत भूतकाळात क्रियापद कर्त्यालाच धरून असतं. शाळेत आम्ही ही 'चूक' लाल शाईने खोडत आलो. मीही खोडली. आता वाटतं, पोरांच्या कानावर चार भाषा पडत होत्या आणि त्यांनी त्यातली एक सोय उचलली होती.

अशा गोष्टींवर एक गाजलेला निबंध आहे, गम्पर्झ आणि विल्सन, १९७१. सांगली जिल्ह्यातलं कुपवार, म्हणजे आपलं कुपवाड. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं तिथे पिढ्यानपिढ्या शेजारी राहिली. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची बांधणी एकमेकांसारखी होत गेली, इतकी की एका भाषेतलं वाक्य जागच्या जागी शब्द बदलून दुसरीत नेता यावं. जगभर भाषाविज्ञान शिकवताना कुपवाडचं उदाहरण देतात आणि कुपवाडमध्ये कुणाला पत्ता नाही.

कांडीवाली ताई, 'करूलालाय' तुमच्या यंत्राला कळतं का?

कांडीवाली · शनिवार, रात्री ८:१०

नाही कळत, सर. हैदराबादला खुणा लावत होतो ती वाक्यं बहुतेक वर्तमानपत्रांतली. त्यात 'करत आहे' हजारदा, 'करूलालाय' एकदाही नाही. तक्रारींच्या कामात सोलापूरकडचे मेसेज येतात तेव्हा यंत्र असे शब्द बाजूला टाकतं. मी त्यांची वही करत आणलीय. 'येऊलालंय', 'देऊलालेत', 'फाटूलालंय'. शेवटचा शब्द टॉवेलच्या बाबतीत फार महत्त्वाचा.

हुरडापार्टी · शनिवार, रात्री ९:४५

मास्तर, मस्त माहिती. पण मूळ प्रश्नाकडे येऊ, धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत. ताई, आता एलएलएम आलेत, म्हणजे मोठी भाषा-मॉडेलं. मराठी वाचतात, मराठी लिहितात. तक्रारी त्यांच्यापुढे टाका, वर्गवारी करून देतील. विभक्ती, कर्ता, कर्म हे सगळं २०१५ चं झालं. सीव्हीत ठेवाल तर जुन्या वळणाच्या दिसाल.

कांडीवाली · रविवार, सकाळी १०:१५

वापरते की, रोज वापरते. पण त्यांच्यापर्यंत काय पोचतं ते आधी बघावं लागतं. परवाचंच सांगते.

पुण्याच्या कामात शहरवार तक्रारींचा तक्ता होता. सोलापूरच्या तक्रारी एकदम कमी. सगळे खूश, 'सोलापूरला सर्व्हिस चांगली आहे'. मला शंका आली, कारण सोलापूरचा माणूस गप्प बसत नाही. बघितलं तर मेसेज गाळणाऱ्या कुणीतरी नियम लिहिला होता: ज्यात 'सोलापूर' हा शब्द आहे तो सोलापूरचा. आता लोक काय लिहितात? 'सोलापुरात अजून डिलिव्हरी नाही.' 'सोलापुरातून बोलतोय.' प्रत्यय लागला की सामान्यरूप होतं आणि दीर्घ 'पू'चा ऱ्हस्व 'पु' होतो. आपल्याला तो एकच शब्द दिसतो. कॉम्प्युटरला 'सोलापुरात'मध्ये 'सोलापूर' सापडतच नाही. 'सोलापूरला' मात्र सापडतो, तिथे ऊ दीर्घच राहतो. म्हणजे 'सोलापूरला पाठवा' लिहिणाऱ्यांची तक्रार मोजली जात होती, 'सोलापुरात आलं नाही' लिहिणाऱ्यांची नाही. नागपूर, कोल्हापूर, पंढरपूर, सगळ्या पुरांचं तेच. मुंबई-नाशिकला हा त्रास नाही. एलएलएम त्यानंतरच्या पायरीवर होता. त्याच्यापुढे ते मेसेज गेलेच नव्हते.

असंच 'ॲप'चं. एका कीबोर्डवर 'ॲ' हे एकच चिन्ह उमटतं, दुसऱ्यावर 'अ' आणि त्यावर चंद्र अशी दोन. डोळ्याला फरक शून्य. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणं) चालवूनही ते एक होत नाहीत. ते हाताने करावं लागतं.

खर्चाचंही बघा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. 'सोलापूर' सात चिन्हं, २१ बाइट. तेच रोमन लिपीत ७. मॉडेल शब्दाचे तुकडे करून वाचतं, आणि मराठी ज्याने कमी वाचलंय त्याच्याकडे मराठीचे तुकडे बारीक होतात. मग तोच मजकूर महाग पडतो.

यावर मराठीत कामं चालू आहेत. आयआयटी मुंबईचं मराठी वर्डनेट (शब्दार्थांचं जाळं) जुनं आहे, पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ मध्ये मराठी ट्विटचा भावना ओळखण्यासाठीचा डेटासेट खुला केला, आयआयटी मद्रासचं एआय-फॉर-भारत आहे. वापरते मी. तरी आमच्याकडचा एक मेसेज वाचा: 'चादर एक नंबर, पहिल्या धुण्यात बादलीपण रंगली.' आमच्या यंत्राने याला 'समाधानी ग्राहक'मध्ये टाकलं होतं.

रिकामटेकडा · रविवार, सकाळी १०:३०

बादलीपण रंगली 😂

हुरडापार्टी · रविवार, दुपारी ४:०८

आता मलाच बोलावं लागतंय. सकाळी हे वाचून आमच्या प्रोजेक्टची एक क्वेरी उघडली. 'कोल्हापूर' शोधणारी. मीच लिहिलेली, तीन वर्षांपूर्वी. 'कोल्हापुरात' घालून चालवली आणि लॅपटॉप बंद करून चहा करायला गेलो.

किती ओळी निघाल्या ते विचारू नका. उद्या सोमवार आहे.

निवृत्त_कॅशियर · रविवार, सायंकाळी ७:२०

एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या पतसंस्थेत (नाव नको) जुनी खाती संगणकावर घेतली तेव्हा एकेका सभासदाची तीन-तीन खाती निघाली. येमूल, येमुल, यमूल. वल्लाळ, वल्लाल. तेलुगू आडनावं, मराठीत लिहिणारा कारकून वेगळा, इंग्रजीत टाईप करणारा पोरगा वेगळा. मुलाने 'साउंडेक्स' नावाचं काहीतरी चालवलं, त्याने गोंधळ वाढला. असं का?

कांडीवाली · रविवार, रात्री ९:००

काका, साउंडेक्सचं पेटंट १९१८ चं, अमेरिकेतलं, तिथल्या नावांसाठी. ते नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवतं आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे करतं. आता वल्लाळ कुणी 'व्ही'ने लिहितं, कुणी 'डब्ल्यू'ने. पहिलंच अक्षर वेगळं, म्हणजे ते दोघे जन्मात भेटणार नाहीत. येमूल 'वाय'ने आणि 'ई'ने, तीच गत.

मी असं करते: आधी ऱ्हस्व-दीर्घ एक करायचं, ळ-ल एक, जोडाक्षर आणि एकेरी अक्षर एक. मग दोन नावांत किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. पण त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. येमूल आणि यमूल यांत एका चिन्हाचा फरक आहे आणि ते एकच. बोल्ली आणि बोल्लू यांतही एकाच चिन्हाचा फरक आहे, पण ती दोन वेगळी घराणी. हे यंत्राला कुठून कळणार? पूर्व भागातल्या कुणाला तरी शेजारी बसवून यादी वाचून घ्या. माझी आई एका दुपारी करून देईल, पण ती सगळ्यांची लग्नं पण सांगेल.

बार्शीलाईट · रविवार, रात्री ९:३५

ताई, मी बार्शीची, बी.ए. तिसरं वर्ष, मराठी आणि मानसशास्त्र. मला हे शिकायचंय. गणित दहावीनंतर सोडलंय. जमेल का? कुठे असतं?

कांडीवाली · रविवार, रात्री १०:२०

जमेल. अलाहाबाद विद्यापीठात या विषयाचं स्वतंत्र केंद्र २००२ पासून आहे, आयआयटी गांधीनगर आणि आयआयटी दिल्लीत एम.एस्सी. आहे, आयआयटी कानपूरला स्वतंत्र विभाग. बी.ए.वाल्यांना कुठे घेतात, कोणती परीक्षा लागते ते ज्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघ, दरवर्षी बदलतं. २०२१ पासून गेट या प्रवेशपरीक्षेत मानव्यविद्यांचा पेपर आहे, त्यात भाषाविज्ञान किंवा मानसशास्त्र यांतलं एक घेता येतं, ते तुझ्या फार कामाचं. नुसती भाषेची बाजू हवी तर पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. आणि भाषा-तंत्रज्ञान म्हटलं की ट्रिपलआयटी हैदराबादचं केंद्र, तिथे पाणिनीच्या कारक-विचारावर (वाक्यात कर्ता कोण, कर्म कोण) भारतीय भाषांची वाक्यं उकलायचं काम खूप वर्षं चाललंय. संस्कृत घेतलं होतंस का दहावीला? कामी येईल.

गणितातलं फक्त संख्याशास्त्र आत्तापासून धर. एसक्यूएल तीन महिन्यांत येतं, त्याची भीती धरू नको. आणि घरी बोलतात ती बोली विसरू नको. बार्शीकडचे शब्द वहीत लिहून ठेव, आत्तापासून.

बार्शीलाईट · रविवार, रात्री १०:२४

संस्कृत होतं! ८८ पडले होते. थँक्यू ताई.

सातरस्ता_सव्वासात · सोमवार, सकाळी ८:३०

मी भरतीच्याच कामात आहे, आधी लिहिलं नाही कारण लोकांना राग येतो. सीव्ही बघायला माझ्याकडे फार तर अर्धा मिनिट असतो. 'कॉग्निटिव्ह सायन्स' वाचून मला काही कळत नाही, म्हणून मी प्रश्न विचारतो, आणि उमेदवार गडबडला की संपलं. ओळ उडवू नका, तिच्या खाली दुसरी ओळ लिहा. 'थांब्यांच्या नोंदींतली चूक शोधली, नोंदणीचा फॉर्म बदलला, चुकीच्या कारणाचा वाटा निम्म्यावर आणला.' मग मी विचारेन, 'कसं?' तेव्हा चोवीस मागांचं सांगा. ११ सप्टेंबर १९५६ नका सांगू.

कांडीवाली · सोमवार, रात्री ९:५०

बदलली. दोन्ही ओळी ठेवल्या, खाली तुमची टाकली. भावाने वाचली आणि 'चालतंय की' म्हणाला, त्याचा अर्थ वर दिलाय.

जॉबरकाका, तुमच्या बोलण्यानंतर आज मालकांशी बोलले. मुकादमाला कामगारवार रिपोर्ट दिसायचा, तो बंद केला. आता शेडचा एकत्र आकडा दिसेल. मालक आधी तयार नव्हते. 'मग कोण कामचुकार ते कसं कळणार?' मी म्हटलं, आत्ता तरी कुठे कळत होतं, सूतवाला बदलून बसलात.

आता बटणांची यादी परत करतेय. 'तार तुटला', 'कांडी संपली', 'लाईट गेली', 'बीम बदलला', 'मशीन बिघडलं'. एक अडलंय. माणूस चहाला जातो, बिडी ओढायला जातो, लघवीला जातो. माग तेवढा वेळ थांबतो. त्याला काय म्हणतात तुमच्यात? बटणावर काय लिहू?

जुनाजॉबर · मंगळवार, सकाळी ६:४०

त्याला बटण ठेवू नको.

कांडीवाली · मंगळवार, सकाळी ७:०५

पण काका, मग ते थांबे कुठल्या कारणात जातील?

जुनाजॉबर · मंगळवार, सकाळी ७:१२

ताण्यात. इतकी वर्षं तिथंच जाऊलालेत.